उजव्या चाकाचा ब्रेक

उजव्या चाकाचा कॅलिपर उघडला आणि गोरक्षचे हात थांबले.

सरूबाई समोर लाकडी खोक्यावर बसली होती. तिच्या मुठीत खंडोबाचा भंडारा होता. सकाळपासून तिने ती मूठ उघडली नव्हती. शेजारी तिचा दीर सावळेराम जुन्या टायरवर बसून तंबाखू मळत होता. गॅरेज गोरक्षचं, मढच्या रस्त्याला लागून. मोटार सरूबाईच्या मुलाची, सुदर्शनची. अकरा वर्षं ती गोठ्यामागे ताडपत्रीखाली पडून होती.

ही विलायती मोटार सुदर्शनने मुंबईहून भंगारात आणली होती. तो आणि गोरक्ष, दोघा मित्रांनी दोन वर्षं खपून ती उभी केली. पुढच्या चाकांना कंपनीचे मूळचे डिस्क ब्रेक होते. एक लोखंडी चकती, आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा कॅलिपर. सगळं गंजलेलं. लोक म्हणाले, फेकून द्या, साधे ब्रेक बसवा. सुदर्शन ऐकेना. कंपनीने बसवले तसेच पाहिजेत. मग गोरक्षने चकत्या लेथवर घासून आणल्या, पिस्टन उजळले, ब्रेकचं तेल अडवणारे रबरी सील कुठून कुठून मिळवले. मोटार रस्त्यावर आली. चौथ्या महिन्यात ती मढच्या उतारावरून सरळ खाली भातखाचरात गेली. सुदर्शन गेला.

रस्त्यावर टायर घासल्याची वीतभरही खूण नव्हती. म्हणजे ब्रेक लागलाच नव्हता. दहाव्याला नदीवर सगळा गाव जमला असताना सरूबाई म्हणाली, "माझं लेकरू या मेस्त्रीनं खाल्लं."

त्यानंतर गोरक्षकडे ब्रेकचं काम कुणी आणलं नाही. पंक्चर काढ, ऑइल बदल, एवढंच. पोरंसोरं त्याला 'चकत्या मेस्त्री' म्हणू लागली. दोन सोयरिकी जुळत आल्या होत्या, त्या मोडल्या. मोटारीला मात्र सरूबाईने कुणाला हात लावू दिला नाही.

आता पुण्याच्या एका शौकीन माणसाला ती हवी होती. त्यालाही ब्रेक मूळचेच, दुरुस्त करून हवे होते. कधी ना कधी ते उघडले जाणारच होते. सरूबाईने अट घातली. ब्रेक गोरक्षनेच उघडायचे, माझ्यासमोर. काय निघालं ते भंडारा उचलून सांगायचं.

गोरक्षचं घर धनगराचं. त्याच्या बापाने, जानकूने, मेंढरांच्या एका तंट्यात भंडारा उचलायला नकार दिला होता आणि नऊ मेंढरं सोडून दिली होती. मेंढरं आपलीच, याची त्याला पुरती खात्री नव्हती, एवढ्याचसाठी. त्या घरात भंडाऱ्यावर खोटं बोलत नसत.

"काय दिसलं रं?" सावळेराम म्हणाला. "अकरा वर्सं गप बसलास. आता तरी बोल."

गोरक्षने चकतीला घासणाऱ्या पॅडवर अंगठा फिरवला. तेलाची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, तोंडाला लावून फुंकली. सील उजेडात धरून हळूहळू फिरवलं. मग डावं चाक, जे आधीच उघडून झालं होतं, ते पुन्हा पाहिलं.

सरूबाईला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण हा पोरगा तिच्या ओसरीवर सुदर्शनच्या ताटात जेवला होता. त्याचा चेहरा तिला वाचता येत होता. कपाळावरची आठी सुटली. खांदे सैल पडले. डोईवरचा भारा उतरवल्यावर माणूस उभा राहतो, तसा तो क्षणभर उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं.

मग त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि तो चेहरा हळूहळू विझला.

त्याने सील खिशात टाकलं.

"काकी, सील फाटलं व्हतं," तो म्हणाला. "बसवतानाच दुमडलं आसंल. माझीच चूक."

"बघा वैनी," सावळेराम म्हणाला, "मी कवापासून सांगतोय. लई शाना समजायचा सोताला. आता उचल म्हनावं भंडारा, आन् सांग हेच."

गोरक्षने फडक्याला हात पुसले. दोन्ही तळवे जोडून पुढे केले. पुसूनही ते ग्रीसने काळेच होते.

सरूबाईने फक्त मूठ उघडायची होती. अकरा वर्षं तिला एवढंच हवं होतं, आणि तो ते आपण होऊन देत होता. तिने त्या तळव्यांकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस तिला आज पहिल्यांदा दिसले.

"खिशातलं काढ," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या की काकी."

"काढ."

त्याने सील काढलं. तिने ते घेऊन सावळेरामच्या हातावर ठेवलं. त्याने उलटंपालटं केलं, ताणून पाहिलं. तंबाखू मळायची राहून गेली.

"हे तर धड हाय," तो म्हणाला. "मंग ब्रेक लागला कसा न्हाई?"

गोरक्ष वाकून पाने गोळा करू लागला.

सरूबाईने मूठ उघडली. भंडारा घामाने भिजून तळव्याला चिकटला होता. तो तिने स्वतःच्या कपाळाला लावला.

"भाऊजी, गावात सांगा, ब्रेक चांगला व्हता. आदल्या दिशी मीच त्याला म्हनले, ती पोरगी सून म्हनून घरात आनलीस तर मी तुला मेले. सकाळी निघताना तो माझ्या पाया पडला. जन्मात कधी पडला नव्हता."