आपला म्हंजे कोणाचा

“आपला म्हंजे कोणाचा? ढालवाल्याचा एकट्याचा, का मागं उभे हायेत त्या समद्यांचा?”

सरितानं बोट ठेवलं होतं त्या ओळीत एवढंच होतं : ‘ढाल धरणाऱ्याने आपला बचाव करावा.’ इंग्रजी पुस्तकातला हा नियम प्रमोदनंच मराठीत उतरवला होता. आता स्वतःच्याच मराठीत त्याचा पाय अडकला होता.

वारंगा फाट्यावर, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, दर रविवारी दुपारी हा कागदावरच्या लढाईचा खेळ चाले. प्रमोद गोष्ट रचायचा. बाकीचे त्यातले लढवय्ये होऊन फासे टाकायचे. आज राक्षसानं आग ओकली होती. ढाल भीमराजच्या लढवय्याकडं, आणि त्याच्यामागं सरिताची लढवय्यी बिजली. दोन वर्षं जिवापाड जपलेली.

नियम अडला की ज्याची ढाल त्याचा शब्द, अशी त्यांची रीत. सगळे भीमराजकडं बघू लागले.

“आपला म्हंजे... माझा,” भीमराज खाली मान घालून म्हणाला.

बिजली जळाली. सरितानं तिचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघून गेली. पुढचे दोन रविवार ती फिरकलीच नाही.

प्रमोदला अन्न गोड लागेना. चोराच्या मनात चांदणं! खेळाला रंग चढावा म्हणून त्यानंच भीमराजला आदल्या दिवशी पढवलं होतं. “ती मागं आली की तू फक्त सोताला वाचीव. गोष्टीत एखादं मरण पाह्यजे लेका.” भीमराज नको नको म्हणत होता. प्रमोदनं त्याला गळ्याची शपथ घातली. कुठून ही अवदसा आठवली!

शेवटी तो सरिताच्या गावी, डोंगरकड्याला, गेलाच. सरिता ओट्यावर शिकवणीच्या वह्या तपासत होती.

“जय भीम, दादा. या की.”

“सरिता, माझं चुकलं बाई. बिजलीला जिती करतो. पण तू येत जाय.”

“तुमचं काहून चुकंल? येते की रविवारी.” ती मोकळं हसली.

प्रमोदला हायसं वाटलं. आता शपथेचंही सांगून टाकावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

“उलट तुमचे उपकारच झाले, दादा,” सरिता म्हणाली. “भीमराजच्या घरून मला मागणी आली होती. मी व्हय म्हणणार होते. पण ज्याला कागदावरसुदीक ‘आपला’ म्हंजे एकटा आपणच वाटते, त्याच्यासंगं जलम कसा काढावा? कालच ‘न्हाई’ म्हणून कळवलं आमी.”