आंबवड्याचा गोलकीपर

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बघू. संस्थानाचा काळ, भोरचं मैदान, अनवाणी गडी आणि ठिगळ लावलेला एक चामडी फुटबॉल. दर हिवाळ्यात भोर-वेल्ह्याकडची गावं एका ढालीसाठी खेळत. आंबवड्याला ती कधीच मिळाली नव्हती. यंदा मात्र संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला होता. गाठ वेल्ह्याशी होती.

आंबवड्याची एक रीत होती. गोलात कोण उभं राहणार, ते देवी ठरवी. चिमाजी गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर मानसिंग, डावी पडली तर बाजी. हाच देवीचा कौल.

बाजी गुरवाचाच मुलगा. पाकळ्या भिजवून द्यायचं काम त्याच्या धाकट्या बहिणीचं, भागूचं.

साळूबाई देवळाचं अंगण झाडायची. कौलाच्या वेळी विधवेनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, म्हणून यंदाच्या कौलालाही ती बाहेरच उभी होती. तिथून तिला दिसलं. डावी पाकळी बापाच्या हाती देण्याआधी भागूनं ती हळूच परकराला पुसून कोरडी केली, म्हणजे ती आधी गळावी.

डावी पडली. साळूबाई पदराआड हसली. आईविना पोर, भावासाठी जीव टाकते. ती कुणाला काही बोलली नाही.

सामन्यात वेल्ह्याच्या गड्यांनी बाजीच्या पायांतून, बगलेतून, डोक्यावरून गोल घातले. ढाल वेल्ह्याला गेली.

दुसऱ्या दिवशी गाव देवळापुढं जमलं.

"बाजीला म्हशी राखायला ठिवा रं," कुणीतरी ओरडलं, "त्यातल्याबी निम्म्या निसटतील!"

कोणी फारसं हसलं नाही. संघाचा कप्तान आनंदराव उठला. "देवी चुकत न्हाई. कौल कुणीतरी बाटवला." त्यानं मान वळवली. "साळूबाई, आत गेली हुतीस?"

"न्हाई जी. उंबऱ्याबाहीरच हुते."

"खरं सांग. न्हाईतर उद्यापासनं झाडू ठेव. शिधाबी बंद."

त्या शिध्यावरच तिची चूल पेटत होती. एका शब्दात ती सुटली असती. पण मग गुरवाची पूजा गेली असती, पोरीला गावानं फाडून खाल्लं असतं. तिनं तो शब्द गिळला.

तेवढ्यात चिमाजीच म्हणाला, "माझी भागू आत हुती. पोर खोटं बोलायची न्हाई. तिलाच इचारा."

साळूबाईच्या छातीवरचा दगड उतरला. पोरीनं आपणहून कबूल केलं, तर गाव तिला लहान म्हणून सोडून देईल. त्या पोरीला तिनंच मांडीवर घेऊन घास भरवले होते. चुकलं तर आपणहून सांगावं, हे तिनंच शिकवलं होतं. मागं मडकं फुटलं, तेव्हा भागू रडत येऊन स्वतःच सांगून गेली होती.

"भिऊ नगं बाळा, काय असंल ते बोल. म्या हाय," म्हणत तिनं हात पुढं केला.

भागूनं बापाकडं पाहिलं. मान खाली घालून बसलेल्या बाजीकडं पाहिलं. मग ती गर्दीतून वाट काढत साळूबाईपाशी आली. तिनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सगळ्यांना दिसेल इतका उंच उचलला.

"ह्योच हात आत आला हुता," ती म्हणाली.