दोन्ही बंद असताना

रोडोपी डोंगरातल्या त्या धरणाची दारं दोन जुळे संगणक सांभाळायचे. एक बंद पडला की दुसरा ताबा घ्यायचा आणि भोंगा वाजायचा. भोंगा थांबवणाऱ्याने मोठ्याने "बघितलं!" म्हणायचं, ही तिथली रीत.

चाचणीसाठी तिथल्या तंत्रज्ञाने, स्पासने, पहिल्याची वायर उपटली. भोंगा वाजला. "बघितलं!" म्हणत त्याच्या जोडीदार झ्लातिनाने बटण दाबलं.

"आता दुसऱ्याचीही काढ. भोंगा मुका होतो का ते बघू."

"मग दारं कोण सांभाळणार? तुझी सासू?"

"दारांना कुलपं घातलीयत. काढ मुकाट्याने!"

त्याने काढली. पडदे काळे पडले.

भोंगा वाजला. बाहेर कुलूप घातलेलं एक दार करकरत वर सरकू लागलं. खाली पात्रात माणसं गळ टाकून बसली होती.

झ्लातिना बटणाकडे झेपावली. हात पोचण्याआधीच भोंगा थांबला.

बंद संगणकांच्या कपाटातून तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "बघितलं."