वाचनाचा नाद

मास्तरांची नजर गेली, तशा बाई रोज दुपारी त्यांना पुस्तक वाचून दाखवू लागल्या. घसा बसला तरी गरम पाण्याचा घोट घेऊन पुढचं पान उलटत. पुस्तक संपलं की मास्तर आपलं मत सांगत आणि बाई ते वहीत उतरवून घेत.

एकदा त्या म्हणाल्या, "मला शेवट नाही पटला."

"तू मी सांगतो तेवढं लिही," मास्तर म्हणाले.

वर्षअखेरीस ती वही पाहून वाचनालयाने मास्तरांचा सत्कार ठेवला. बाईंनी त्यांना हाताला धरून मंचावर नेलं. अध्यक्षांनी विचारलं, "वहिनींनाही वाचनाचा नाद असेलच?" आता तरी आपलं नाव निघेल, असं बाईंना वाटलं.

मास्तर हसले. "छे हो, वर्षभरात तिने एक पुस्तक वाचलं असेल तर शपथ."