आधी शलाकाचा तुकडा

या, असे जवळ सरकून बसा. आज टाळ नाही, मृदंग नाही, पण एका माणसाच्या भीतीची गोष्ट सांगायची आहे, बरं का. लहानशीच आहे. चित्त तेवढं इथे असू द्या.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला जीन्सचा कारखाना. कापणीच्या लांब टेबलापाशी सुयोग उभा होता, आणि घामेजल्या अंगठ्याने त्याचा फोन उघडत नव्हता. तीन महिने त्याने बँकेचे मेसेज वाचले नव्हते. आले की नुसते बाजूला सारायचे. त्याची बायको शलाका पोटुशी होती. आठ दिवसांपूर्वी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाची वार खाली सरकून वाट अडवते आहे, बाळंतपणाला ऑपरेशन करावं लागेल, दोन महिन्यांत वीस हजार तयार ठेवा. तेव्हापासून खात्यात बघायचीही त्याला हिंमत होत नव्हती.

"मास्टर, पगार जातो कुठे तेच कळत नाही," तो म्हणाला. "बचतीचे किती व्हिडिओ बघितले. कोण सांगतं सोनं घ्या, कोण सांगतं शेअर घ्या. नुसतं टेन्शन वाढतंय."

कटिंग मास्टर भीमराव साठीचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "व्हिडिओ राहू दे. या महिन्याचा खर्च वाच. मोठ्याने."

"सगळ्यांसमोर?"

"मशिनी चालू आहेत. माझ्याशिवाय कोणाला ऐकू जातंय?"

सुयोगने वाचायला घेतलं. बेलवलीच्या खोलीचं भाडं, सात हजार. किराणा. पास. मग त्याचा आवाज बारीक होत गेला. टपरी, साठ. टपरी, ऐंशी. टपरी, साठ. तेवढ्यात लाईट गेली. चाळीस मशिनी एका दमात गप्प झाल्या आणि त्या शांततेत त्याचा एकट्याचा आवाज घुमला, "अंडा बिर्याणी, दोनशे ऐंशी!"

हशा पिकला. दोरे कापत बसलेली गोदूमावशी ओरडली, "पँटीपेक्षा खिसेच मोठे रे तुझे!"

"पुढे," भीमराव म्हणाले.

"बचत शिकवणारं अ‍ॅप, एकशे नव्व्याण्णव."

पुन्हा हशा. सुयोगही कसनुसा हसला. पुढची ओळ मात्र त्याने हळूच वाचली. "फोनवरचा गेम, नव्व्याण्णव. गेम, नव्व्याण्णव. गेम, एकशे नव्व्याण्णव..." तो थांबला. "हे सगळे एका रात्रीतले आहेत, मास्टर. रिपोर्ट आला ती रात्र. शलाका झोपली होती. मी तिचा श्वास मोजत बसलो होतो. तिच्याकडे बघवेना, म्हणून मग..."

आता कोणी हसलं नाही.

"म्हणजे भीतीला खायला घातलंस," भीमराव म्हणाले. "तिचं पोट भरत नाही, पोरा."

टपरी, मागवलेलं जेवण, गेम, सटरफटर. भीमरावांनी टेबलावर खडूने बेरीज मांडली. नऊ हजार आठशे. सुयोगने मनातल्या मनात ती दुप्पट केली. जवळजवळ वीस हजार. शलाकाचं ऑपरेशन तो दर दोन महिन्यांनी खाऊन टाकत होता.

भीमरावांनी जीन्सचा एक उरलेला तुकडा पसरला. सुयोग चार वर्षं हेच बघत आला होता. आधी पँटीचे पाय आखायचे, मग कंबरपट्टा, आणि बारीक तुकडे मधल्या फटींत बसवायचे. पण मास्टरांनी कोपऱ्यात आधी एक छोटा चौकोन आखला, आणि त्यात लिहिलं, शलाका.

"मास्टर, लहान तुकडा शेवटी ना? तुम्हीच शिकवलंत."

"ते कापडाला. पगाराला नाही. पगार आला की त्याच तासाला हा चौकोन कापायचा. दहा हजार, वेगळ्या खात्यात. मग भाडं, किराणा, पास. टपरी उरल्या फटीत. नाही बसली तर नाही बसली."

"आणि भाडंच नाही बसलं तर?"

"मालक ओरडेल. ओरडणं ऐकून घेता येतं."

भीमराव हातातल्या खडूकडे बघत राहिले. "मीही पाय आधी आखले होते. म्हटलं, भाडं, रेशन, भावाचं लग्न. उरेल त्यात रखमाचं बाळंतपण बसवू."

रखमा म्हणजे मास्टरांची बायको. सुयोगने तिला त्यांच्या घरी, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतच पाहिलं होतं.

"नाही बसलं," ते म्हणाले.

लाईट आली. मशिनी एकदम सुरू झाल्या, पण गोदूमावशीची कात्री काही लगेच हलली नाही. भीमरावांनी तो चौकोन कापला आणि सुयोगच्या हातात दिला. सुयोगने तो घडी न घालता खिशात ठेवला.

मायबापहो, शलाकाचे दिवस अजून भरायचे आहेत. संध्याकाळी दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा तिच्यासाठी तुम्ही मागालच. पण आधी रखमाचं नाव घ्या. ते एकदा शेवटावर राहिलं होतं.