कोरडा पेपर

पेपर ओला होता.

भिमाजींनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. जीपखाली अंथरलेल्या पेपरावर हिरवट पाण्याचं थारोळं साचलं होतं. वर वॉटर पंपाच्या कडेला आणखी एक थेंब लोंबत होता, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत टपकला. काल दिवसभर खपून बसवलेला नवाकोरा पंप!

कामशेतला जुन्या हायवेवर त्यांचं गॅरेज. पंप गळतोय म्हटलं की अख्खा मावळ भिमाजींकडे गाडी घेऊन यायचा. त्यांची रीतच तशी. जुन्या गॅस्केटचा कण न् कण पात्यानं खरवडायचा, वरून बोट फिरवून पाहायचं, पेस्ट लावायची ती भाकरीला तूप माखावं एवढीच. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे. वर गिऱ्हाइकाला दम वेगळाच. "विहिरीचं पानी वतलंस तर पंप आतनं गंजंल. मग माज्या दारात यायचं न्हाई. कूलंटच घालायचं, काय?" आणि काम झालं तरी गाडी लगेच मिळायची नाही. रात्रभर तिच्याखाली पेपर अंथरलेला असायचा. सकाळी तो कोरडा निघाला तरच चावी.

दीड वर्षापासून मात्र भिमाजींचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीत खुळखुळ वाजायचा. मुलगा आकाश म्हणाला, "आबा, बास झालं आता. गाळा त्या चिक्कीवाल्याला देऊन टाकू." त्यावर म्हातारा असा उसळला की विचारू नका.

"ज्या दिशी पेपर वला घावंल, त्या दिशी पाने खाली ठेवीन! तवर तोंड उघडायचं न्हाई."

आणि खरंच, दीड वर्षात एकदाही पेपर ओला निघाला नाही. भिमाजी तो कोरडा पेपर आकाशच्या नाकासमोर नाचवायचे. मोठे खट! पण खरं सांगायचं, तर बायको गेल्यापासून सकाळी उठायला त्यांना तेवढंच एक कारण उरलं होतं.

आणि आज हे. नऊ वाजता लोहगडवाडीचा रखमाजी गाडी न्यायला येणार होता. शनिवार होता, गडावर जाणारी माणसं त्याच्या जीपसाठी स्टेशनावर ताटकळणार होती. भिमाजींनी पाना उचलला. तो बोल्टवरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तो हातातून सुटून थेट थारोळ्यात पडला, तेव्हा ते उपड्या घातलेल्या क्रेटवर मटकन बसले. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं. पाने खाली ठेवतोय हे आकाशला कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळवही सुरू झाली.

तेवढ्यात कंपनीची बस थांबली आणि सून उतरली. कोमल तळेगावच्या कारखान्यात लायनीवर होती. आदल्या रात्रीपासूनच तिला पहिल्यांदा नाइट शिफ्ट लागली होती. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, पेपराकडे पाहिलं आणि खांद्यावरची डब्याची पिशवी खाली ठेवली.

"सरका आबा, मी बघते."

तिनं बाह्या वर सारल्या. पाना पुसला, गाडीखाली सरकली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डोळ्यांनी बघायचीसुद्धा तिला गरज पडली नाही.

"ह्यो खालचा," ती आतूनच म्हणाली. "ह्योच तुमचा कायम ढिला ऱ्हातो."

दोन वेढ्यांत थेंब थांबला. तिनं फडक्यानं पंप कोरडा केला. दोघंही जरा वेळ बघत राहिले. एकही थेंब आला नाही.

भिमाजींच्या जिवात जीव आला. गेलेला रंग चेहऱ्यावर परतला. "चुकतं की येकांद्या येळंला. मानूस हाय!" ते उठले, ओल्या पेपराचा बोळा केला आणि बोंबलत जाऊ दे म्हणून कोपऱ्यात भिरकावला. "आकाशला सांगू नगंस हां पोरी. सोमवारी शाळंची बस येनार हाय ब्रेकला. तिच्यावर हात बसवतो परत."

कोमल पिशवी उचलून घराकडे निघाली होती. ती थांबली. तिला आता खरंच भीती वाटली.

"ब्रेक घेऊ नका, आबा."

"का बरं?"

"माजी महिनाभर नाइट हाय."

"अगं, तुज्या नाइटचा आन् माज्या ब्रेकचा संबंध काय?"

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं भिमाजींना दिसलं. मग गाडीखालून आलेला तिचा तो एक शब्द त्यांच्या डोक्यात शिरला.

"कायम म्हनालीस मगाशी," ते हळू म्हणाले. "म्हंजी ह्याच्याआदी बी येकांदी गाडी…?"

"तुमी उठायच्या आत उठायची मी. आवळायचं, न्हाईतर उघडून परत बसवायचं. मग नवा पेपर टाकायचा." तिनं कोपऱ्यातल्या ओल्या बोळ्याकडे पाहिलं. "येकांदी न्हाई, आबा. समद्याच."