वर्षाराणीचा टोप

धोंडुबाईनं मापाची पट्टी वर्षाराणीच्या डोक्याभोवती फिरवली आणि कानामागं तिचा हात थांबला. तिथं बोटभर लांब जखमेची खपली होती. तशीच दुसरी टाळूवर.

"औषधानं गेलं समदं," दारात उभा असलेला वर्षाराणीचा नवरा सम्राट म्हणाला. "कॅन्सरचं औषध म्हटल्यावर काय..."

मंगळवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत धोंडुबाई केसांचे टोप करायची. आधी नाटकवाल्यांसाठी केले, गेली आठ-दहा वर्षं कॅन्सर झालेल्या बायकांसाठी. औषधानं केस गेलेलं डोकं हाताला कसं लागतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. तळहातासारखं गुळगुळीत. पुष्कळदा भुवयाही जातात. या पोरीच्या भुवया दाट होत्या. डोक्यावर केसांचे खुंट होते, कुठं पेरभर, कुठं त्याहून कमी. आणि नवऱ्यानं पिशवीतून आणलेली वेणी रबरासकट होती. कमरेपर्यंतची, मुळाशी तोडलेली.

"कुणी कापलं गं?" धोंडुबाईनं ओठातल्या ओठात विचारलं.

वर्षाराणीनं दाराकडं बघितलं.

"पंधरा दिवसांनी उचगावात माझ्या बहिणीचं लग्न हाय," सम्राट म्हणाला. "शाहूवाडीहून हिचा बाप यायचाय, दोघं भाऊ यायचेत. हिच्याच केसांचा करा, म्हंजे कुणाला शंका नको."

"माहेरात ठावं न्हाय व्हय आजाराचं?"

"कशाला आप्पांच्या म्हाताऱ्या जिवाला घोर? फोनवर बी मीच बोलतोय त्यांच्याशी."

ती वेणी त्याच्या तोंडावर फेकावी, असं धोंडुबाईला वाटलं. पण मग यानं पोरीला आजारी म्हणून घरात कोंडून घातलं असतं. लग्नात ती कुणाच्या नजरेलाच पडली नसती. धोंडुबाईनं मुकाट्यानं वेणी ठेवून घेतली.

वेणी धुतली तेव्हा पाणी तांबूस झालं. धोंडुबाईनं ते मोरीत ओतलं. मग लाकडी डोक्यावर जाळी ताणली. आकड्याच्या सुईनं दोन-दोन केस ओढायचे, गाठ मारायची. सकाळी ऊन खिडकीत आलं की बसायची, दिवे लागेपर्यंत उठायची नाही. टोप घालून आरशात बघितल्यावर आजवर कितीतरी बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. हा टोप बांधताना मात्र तिला वाटे, आपण एका पोरीचं तोंड बांधतोय. दर गाठीला वाटे. तरी हात चालत राहिले.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा दोघं आली. धोंडुबाईनं टोप चढवला, आतले चार चाप तिच्या खुंटांत अडकवले आणि भांग सारखा केला. सम्राटनं पुढून बघितलं, मागून बघितलं. पहिल्यांदाच तो हसला.

तेवढ्यात गल्लीत टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. सम्राटची मोटारसायकल आडवी लागली होती. तो शिव्या देत बाहेर गेला.

"मावशी, हे चाप काढा."

वर्षाराणीचा आवाज धोंडुबाई पहिल्यांदाच ऐकत होती.

"अगं, मग बसायचा न्हाय तो. जरा हात लागला तर निघून येईल."

"काढा की. लवकर."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. धोंडुबाईनं कातर घेतली, टोप उतरवला, चारी चापांचे टाके उसवले आणि टोप परत तिच्या डोक्यावर ठेवला. तोवर सम्राट दारात आला.

"पक्का बसला न्हवं?"

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. चाप तिच्या मुठीत रुतत होते. आपण हे का केलं, ते तिला अजून उमगलं नव्हतं.

"चल," म्हणून सम्राट गाडी चालू करायला वळला.

वर्षाराणी धोंडुबाईच्या पाया पडायला वाकली. धोंडुबाईनं सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताखाली टोप सरकला, आणि कानामागची खपली उघडी पडली.

वर्षाराणीनं तो सावरला. उठता उठता हळूच म्हणाली, "परवा मांडवात आप्पांच्या बी अशीच पाया पडणार हाय."